करवत काठी छापून मिळते का? नागपूरच्या डिझायनरच्या नव्या कलेक्शनबद्दल

इतवारीची_लेक

परवा सिव्हिल लाइन्सला आपल्या नागपूरच्याच एका डिझायनरचा शो झाला, मावसबहिणीनं पास दिला म्हणून मी पण गेली होती. नाव इथं टाकत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना समजेलच, बाकीच्यांनी कृपया विचारू नका, मला माणसावर नाही कपड्यांवर बोलायचं आहे. तीसेक कपडे असतील, थीम विदर्भ. मी खूप उत्साहानं गेली होती, आपल्या गावातलं कोणीतरी करवत काठी (म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेली आपली विदर्भातली हातमागाची टसर रेशमाची साडी) रॅम्पवर आणून राहिलं म्हणून आईच्याही मागं लागली होती चल म्हणून, गुडघ्यामुळं ती नाही आली.

पहिले आठ कपडे करवत काठीचे, असं निवेदनात सांगितलं. लाइटमध्ये लांबून छान दिसले, मरून काठ, मधाच्या रंगाचं अंग, चालताना घेरही सुंदर पडत होता, मी टाळ्या वाजवल्या. शो संपल्यावर बाहेर स्टँडवर कपडे लावले होते, हात लावून पाहता येत होते. मी त्यातल्या एका गाउनची खालची कड उलटून पाहिली तर मागून पांढरं. जॉर्जेट आणि वरून डिजिटल प्रिंट. करवतीचे दाते चक्क छापलेले. बाजूच्या शिलाईवर तर इकडचा दाता तिकडच्या दात्याला भेटतच नव्हता, अर्धा इंच वरखाली. लेबलवर मात्र करवत काठी गाउन, किंमत साडेअठरा हजार.

आमच्याकडं आजीची एक करवत काठी आहे. घरी आल्यावर रात्री साडेअकराला कपाटातून ती काढली. आईनं विचारलं काय झालं, मी काही बोलली नाही. काठ सुलटा पाहिला, उलटा पाहिला, दोन्हीकडून सारखाच. दात्यांच्या जागी नख फिरवलं की बारीकशी कड लागते, जिथं काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकलेला आहे ती जागा. आजी गेली त्याला आता बारा वर्षं झाली, पण ती कड तशीच आहे, एक धागा सुटलेला नाही.

मला सांगा, मी उगाच मनाला लावून घेऊन राहिली का? प्रिंटला करवत काठी म्हणायचं का?

पुण्यातला_महालकर

ताई, वाईट वाटून घेऊ नका पण मला थोडी दुसरी बाजू मांडायची आहे. इथं पुण्यात ऑफिसमध्ये मी नागपूरचा म्हटलं की लोक संत्री आणि सावजी एवढंच बोलतात, करवत काठी हे नाव माझ्या टीममधल्या एकालाही माहीत नाही, पैठणी सगळ्यांना माहीत. मग प्रिंट करून का होईना, ते नाव रॅम्पवर आलं, चार मुलींनी फोटो टाकला, कोणीतरी शोधेल की हे काय आहे. पैठणीच्या मोराचे प्रिंट असलेले कुर्ते तर रस्त्यावर मिळतात, त्यानं पैठणी संपली नाही. तरुण डिझायनर आहे, बजेट किती असेल कोणास ठाऊक. पहिल्याच शोला एवढं कडक का व्हायचं?

मागावरचा

आमचं घर कोष्ट्याचं, माझ्या बापानं आणि आज्यानं मागावरच जिंदगी काढली म्हणून लिहून राहिलो, जरा लंबं होईल.

मोराचं उदाहरण इथं लागू नाही होत भाऊ. मोर हे चित्र आहे. ते विणता येते, भरता येते, भिंतीवर रंगवता येते, छापता येते, कुठंही काढलं तरी मोरच राहते. करवत हे चित्र नाही, ते जोडकाम आहे. साडीला तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडं नेणारे) लागतात, एका काठाचा एक, अंगाचा एक, दुसऱ्या काठाचा एक. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठापर्यंत येते, काठाच्या बाण्याले अडकते आणि वापस फिरते, कधी जरा आत जाऊन अडकते कधी जरा अलीकडंच, असं एकेक ओळ सरकत गेलं की दाता उभा राहते. म्हणून तं काठाचा रंग अंगात सांडत नाही नं अंगाचा काठात शिरत नाही, आणि म्हणूनच ताईनं म्हटलं तसं दोन्हीकडून सारखं दिसते. अंग टसरचं, काठ बहुतेक मर्सराइज्ड सुताचा, दोघंही वेगळ्या ताकदीचे धागे, त्याईले एकमेकात धरून ठेवाचं काम तो दाता करते. तुम्ही दाता छापला म्हणजे काय छापलं? नुसती नागमोडी रेघ.

मी लहान होतो तवा शाळेतून आलो की कांड्या भराचं काम माझ्याकडं असे. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले, आई खळ देऊन राहिली, आणि तीन धोटे संभाळता संभाळता बाबाचं तोंड एकदम बंद असे. एक धोटा चुकला की त्या ओळीचा दाता तुटला, आणि तुटलेला दाता गिऱ्हाईकाच्या आधी बाबाले दिसे. तो उसवून मागं येत. एका साडीले आठ-दहा दिवस तं सहज जात. हे सगळं मशीननं एका मिनिटात कागदावरून कापडावर उतरवलं आणि नाव तेच ठेवलं, तं मले त्रास होते, का नाही होणार?

करवत काठीले जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे. त्या नावाखाली काय विकाचं याले काही अर्थ आहे म्हणून तो असते.

शिवणघर

मी धरमपेठेत पंचवीस वर्षं ब्लाउज आणि जॅकेट शिवते, त्या शोला मी पण होते. इतवारीच्या लेकीनं जे प्रिंटचं लिहिलं ते अगदी खरं आहे, मीही ती शिलाई पाहिली, प्रिंट मॅच केलेला नव्हता आणि साडेअठरा हजारात तेवढं तरी करायला हवं होतं. प्रिंट मॅच करायला कापड जास्त लागतं, दात्यावर दाता ठेवून आधी कच्चा टाका घालावा लागतो, मग मशीन. दोन्ही वाचवलेलं दिसलं.

पण त्याच शोमध्ये एक जॅकेट होतं त्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते. मधल्या भागात आलं होतं, बिनबाह्यांचं, गुडघ्याच्या वर संपणारं, पोटावर एकच बटण. ते खऱ्या टसरचं होतं आणि काठ खरा विणलेला होता, मी हात लावून पाहिलं. त्या पोरीनं काय केलं होतं, साडीची मूळ किनार कापलीच नाही. काठ तसाच जॅकेटच्या पुढच्या उघड्या कडेला आणला, म्हणजे समोरून गळ्यापासून खालपर्यंत करवतीचे दाते सलग उतरतात आणि कडेला पट्टी लावायची किंवा दुमडायची गरजच नाही, कारण किनार आधीच पक्की आहे. हे सुचायला कापड कळावं लागतं. काठ सरळच चालतो, गोल गळ्याला वळवला की चुण्या पडतात, म्हणून तिनं गळा गोल घेतलाच नाही, मागून सरळ उभी पट्टी घेतली. टसरला मुळातच थोडा ताठपणा असतो, तो खांद्यावर छान उभा राहिला होता, आतून ताठपणासाठी घालतात ते बकरमही फारसं भरलेलं वाटलं नाही.

टसर कापणं सोपं नाही हो. धागे सुटतात, कडा लगेच विसकटतात, आतून प्रत्येक शिलाई बांधून घ्यावी लागते. काठ सुताचा असला तर तो आणि रेशीम एकसारखे आटत नाहीत, म्हणून मी तर आधी पाणी दाखवून, प्रेस करून, एक रात्र तसंच ठेवून मगच कात्री लावते. त्या जॅकेटची आतली शिलाई मी उलटून पाहिली, सगळी बांधलेली होती. एवढं येतं त्या मुलीला! म्हणूनच प्रिंटवाल्या आठ कपड्यांचा मला जास्त राग आला. जिला येत नाही तिला काय बोलायचं, हिला येतं.

इतवारीची_लेक

काकू, ते जॅकेट मी पाहिलंच नाही नीट!! म्हणजे रॅम्पवर आलं असेल पण तोपर्यंत मी फोटो काढण्यात होती. बाहेर स्टँडवर कुठं होतं?

शिवणघर

अगं अगदी शेवटच्या स्टँडवर, कोपऱ्यात, पंख्यामागं. गर्दी सगळी गाउनपाशी. हेच तर दुखणं आहे.

गांधीबाग_होलसेल

मी कापडाच्या धंद्यात आहे, थोडं व्यवहाराचं बोलतो. तुम्ही सगळे म्हणून राहिले की खरं कापड वापरा. बरोबर आहे. पण एक डिझायनर तीस कपड्यांचा शो करते तेव्हा तिला एकाच रंगात, एकाच मापात, ठरलेल्या तारखेला कापड पाहिजे असते. हातमागावर तुम्ही ऑर्डर देता दिवाळीच्या आधी आणि माल येते संक्रांतीले, कारण विणणारे उरलेच किती. त्यांच्यावर दोष देत नाही, घरात एकच माग, मधात लग्न, मधात आजारपण. दुसरं म्हणजे करवत काठी साडीच्या मापात विणली जाते, गाउनच्या घेराला लागते ते यार्डेज, म्हणजे थानातलं अखंड कापड, बनवून देणारा शोधावा लागते. जॉर्जेट मला सुरतहून दोन दिवसात येते, प्रिंट आणखी चार दिवसात. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं असं नाही म्हणत, पण का केलं असेल ते समजते.

फक्त लेबलवर करवत प्रिंट लिहायला पाहिजे होतं. दुकानात आम्ही आर्ट सिल्कला, म्हणजे नकली रेशमाला, सिल्क म्हणून विकलं तर गिऱ्हाईक आमची इज्जत काढते. तोच नियम तिलाही लागू.

ऐन_अर्जुन

आरमोरीकडची आहे, कोसा, म्हणजे टसरची अळी, पाळणाऱ्यांसोबत बरीच वर्षं काम केलं. वरची चर्चा वाचून राहवलं नाही.

त्या शोची क्लिप मलाही एका मैत्रिणीनं पाठवली. त्यात निवेदिका म्हणते, जंगलातून मिळणारं टसर. ऐकायला गोड आहे, पण असं वाटतं की जंगलात गेलं आणि झाडावरून तोडून आणलं. ही अळी घरात टोपल्यात नाही वाढत, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते, आणि कोश होईपर्यंत ढिवर समाजाची कुटुंबं झाडाखाली राखण करतात. पाखरं येतात, मुंग्या येतात, अवकाळी पाऊस येतो. पाला संपला की अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. कोश इतका टणक असतो की नखानं दबत नाही, सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही. आणि मग बाया मांडीवर घासून तो धागा काढतात. हो, मांडीवर, राख नाहीतर तेल लावून, उन्हाळ्यात दिवसभर. ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं त्यांच्या मांडीची कातडी मी पाहिली आहे.

म्हणून त्या धाग्यात गाठी असतात, एकसारखा नसतो, आणि तेच त्या कापडाचं रूप आहे. गाउनच्या अंगाला जो मधाचा रंग छापलेला तुम्ही लिहिला, तो टसरचा मूळचा रंग आहे, रंगवलेला नाही, कोशातूनच तसा येतो. त्याची नक्कल करण्यासाठी पॉलिएस्टरच्या जॉर्जेटवर रंग छापायचा हे मला फार विचित्र वाटलं.

कोणाला शंका असेल तर शिलाईतून निघालेला एक धागा घ्या आणि जाळून पाहा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येईल आणि राख बोटानं चुरेल. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होईल.

नंदनवनची_मेघा

बाकी कपड्यांवर पण बोला न कोणी. ते मारबतवाले (मारबत म्हणजे आपल्याकडं मिरवणुकीत निघतो तो मोठा पुतळा) दोन केप मला तर खूप आवडले, एक काळा एक पिवळा, पाठीवर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर कागदासारखं चुरगळलेलं कापड. अंगावर काटा आला. तान्ह्या पोळ्याला मारबत पाहायला जायची लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून, एकदम तेच आठवलं.

बुधवारीचा_भाऊ

मेघाताई, तुम्हाला आवडलं ठीक आहे, मला मात्र ते बघवलं नाही. आमच्या घराजवळून पिवळी मारबत निघते, शंभर वर्षांच्या वरची गोष्ट आहे ही. बाया लेकरांना घेऊन पाया पडायला येतात. आणि शेवटी तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत आपण तिला पाठवतो. म्हणजे ती गावाचं दुखणं अंगावर घेऊन जाते. ते अंगावर केप म्हणून घालून कोणाच्या रिसेप्शनला जायचं? ज्यानं डिझाइन केलं त्यानं एकदा मिरवणुकीत चालून पाहायला पाहिजे होतं.

शिवणघर

भाऊ, तुमची भावना समजली. पण कामाच्या बाजूनं बोलायचं तर तो केप मला प्रामाणिक वाटला. मारबत बांबू आणि कागदाचीच बांधतात न, तिनं बांधणीची पद्धत घेतली, नुसता चेहरा छापून टी-शर्ट काढला नाही. कामट्या कापडात घालायला वेगळ्या नळ्या शिवलेल्या होत्या, चालताना त्या हलत होत्या पण टोचत नसाव्यात, मॉडेल मोकळी चालत होती. घालावा की नाही हा प्रश्न वेगळा, मी तर तो शोपीस म्हणूनच पाहिला.

बुधवारीचा_भाऊ

बांधणीचं तुम्ही म्हणता ते मान्य. तरी विकायला नको, एवढंच माझं म्हणणं.

पुण्यातला_महालकर

मागावरचा यांची पोस्ट दोनदा वाचली. जोडकामाचं मला खरंच माहीत नव्हतं. नागपूरच्या महाल भागात वाढलो, गल्लीत माग चालायचे त्यांचा आवाज कानात आहे, पण ते लोक काय विणतात हे कधी आत जाऊन विचारलं नाही. माझं आधीचं मत बदलतो. नाव पोचावं हे बरोबर, पण चुकीच्या गोष्टीवर चिकटून पोचलं तर जो शोधायला जाईल त्यालाही प्रिंटच मिळेल.

अजून एक विचारायचं होतं. क्लिपमध्ये असंही म्हटलंय की नागपूरची कापडाची परंपरा एम्प्रेस मिलपासून सुरू झाली. हे बरोबर आहे का?

मागावरचा

नाही बाप्पा. एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी १८७७ ला सुरू केली, तिथं आता मॉल उभा आहे गांधीसागरच्या बाजूले. कोष्टी त्याच्या कितीतरी आधीपासून इथं विणत होते, भोसल्यांच्या काळात इथल्या मागाले चांगलं गिऱ्हाईक होतं. उमरेडचे रेशीमकाठी धोतरजोडे तं लांब लांब जात. मिल आली नं उलट हातमागवाल्यांचे हाल सुरू झाले, मिलचं कापड स्वस्त पडे. तुम्ही वर सावजी म्हणले न, ते जेवण पण आमच्याच हलबा कोष्टी घरातलं आहे. विणकाम सुटलं तसं कित्येकांनी भोजनालयं टाकली. आता जगाले आमचा रस्सा माहीत आहे, आमचा माग माहीत नाही.

नंदनवनची_मेघा

हे वाचून खूप वाईट वाटलं दादा. सावजी इतक्यांदा खाल्लं, हे माहीतच नव्हतं.

ऐन_अर्जुन

थोडक्यात अजून एक. शेवटचे चार कपडे विदर्भाची गोंड कला म्हणून दाखवले. आपल्याकडं गोंड समाज मोठा आहे हे खरं, पण ठिपक्या-रेघांनी भरलेले हरिण आणि झाडं ही चित्रशैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान गोंडांकडून आली, जनगढसिंह श्याम यांच्यामुळं ती जगभर गेली. तेवढं श्रेय द्यायला एक ओळ पुरली असती.

गांधीबाग_होलसेल

मी एक सुचवू का? हातमाग महामंडळ इथंच आहे, विणकर सेवा केंद्रही नागपुरात आहे. तिला यार्डेजची अडचण असेल तर आधी तिथं जाऊन बसायला पाहिजे. आणि तीसपैकी आठ गाउन करण्याऐवजी त्या काकूंनी सांगितलेल्या जॅकेटचे पाच तुकडे केले असते तरी पुरलं असतं. साडीच्याच मापातून निघणारं डिझाइन असलं की यार्डेजचा प्रश्नच येत नाही, एका साडीत दोन जॅकेटं तरी बसतील न काकू?

शिवणघर

काठ दोन्ही कडांना असतो आणि साडी लांब असते, नीट आखलं तर तीन बसतील. पदर वेगळा उरतो त्याची मागची बाजू करता येईल. मी काल रात्री कागदावर आखून पण पाहिलं.

इतवारीची_लेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल त्या डिझायनरला मेसेज केला. सरळ लिहिलं की जॅकेट अप्रतिम आहे (काकूंनी सांगितलेलं सगळं, किनार न कापण्याचं, आतल्या शिलाईचं) आणि गाउनच्या लेबलवरून करवत काठी हे नाव काढा, करवत प्रिंट लिहा, आणि का ते मागावरचा दादांच्या शब्दात लिहिलं. मला वाटलं उत्तर येणार नाही. आज दुपारी आलं. लेबल बदलते म्हणाली. आणि विचारलं की तीन धोट्यांचं काम चालू असलेला माग प्रत्यक्ष पाहायला कुठं मिळेल, कारण जॅकेटची साडी तिला तिच्या आजेसासूनं दिलेली होती आणि तशी दुसरी तिला मिळालीच नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसली होती.

दादा, मोहाडीकडं, आंधळगावला अजून माग चालतात असं ऐकलं आहे. तुमचे कोणी नातेवाईक आहेत का तिथं? काकू तुम्ही येणार असाल तर माझी गाडी आहे, चौघं बसू. रविवारी जमेल?

शिवणघर

मी येते. मापाची टेप आणि तो कागद घेऊन येते.

मागावरचा

आहे नं, माझे मोठे काका आहेत तिकडं, अजून बसतात मागावर. पण रविवारी नका येऊ, रविवारी माग बंद राहते. सोमवारी सकाळी या, नऊच्या आत, ऊन वाढाच्या आधी. काकाले मी फोन करून ठेवतो. आणि ताई, आजीची साडी सोबत आणा, कोणाच्या हातची आहे ते काका दाते पाहूनच सांगतील.